बर्लिनमधील बंद दार

सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांचे नाव आम्ही अभिमानाने ऐकले. मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध त्यांनी १९४१ मध्ये प्रवचनपीठावरून उघड आवाज उठविला. त्याच म्युन्स्टर नगरीत १९०५ साली जन्मलेल्या कुर्ट गेर्स्टाइनचे नाव मात्र तेव्हा आमच्या कानी आले नाही.

गेर्स्टाइन खाण-अभियंता होता, पंथाने प्रोटेस्टंट. १९३३ मध्ये तो नाझी पक्षात शिरला, हे झाकण्याचे कारण नाही. पुढे धर्माच्या बाजूने पत्रके वाटल्याबद्दल १९३६ मध्ये त्याला अटक झाली, सरकारी नोकरी गेली. १९३८ मध्ये पुन्हा बंदिवास घडला. १९४१ च्या आरंभी हाडामार येथे मनोरुग्णांच्या त्याच हत्याकांडात त्याच्या नात्यातील एक स्त्री बळी पडली. त्याच वर्षी तो एस. एस. दलात भरती झाला. आत काय चालते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा आपला हेतू होता, असे तो सांगे.

निर्जंतुकीकरण हे त्याचे काम. विषारी वायूचा जाणकार म्हणून ऑगस्ट १९४२ मध्ये त्याला पोलंडमधील बेल्झेक छावणीत पाठविण्यात आले. आगगाडीने आणलेल्या ज्यू स्त्री-पुरुषांना व लेकरांना तेथे कोठड्यांत कोंडले गेले. पण ज्याचा धूर आत सोडायचा ते इंजिन सुरूच होईना. गेर्स्टाइनने घड्याळ लावून मोजले : २ तास ४९ मिनिटे. आतून रडणे ऐकू येत होते. इंजिन सुरू झाल्यावर ३२ मिनिटांत सारे संपले.

परतीच्या गाडीत त्याने स्वीडनचे एक राजनैतिक अधिकारी फॉन ओटर यांना रात्रभर हे सांगितले. बर्लिनमध्ये तो पोपमहोदयांच्या राजदूताच्या निवासस्थानीही गेला. तेथे, त्याच्याच कथनानुसार, 'तुम्ही सैनिक आहात काय?' एवढेच विचारून त्याला वाटेला लावण्यात आले. आपल्या घरचे हे दार होते, म्हणून हा प्रसंग आम्ही येथे नोंदवीत आहोत.

विषारी वायूच्या डब्यांची मागणी त्याच्याच नावे होत राहिली. आपण तो साठा वाया घालविला, असे त्याने लिहिले आहे. १९४५ मध्ये तो फ्रेंचांच्या स्वाधीन झाला व त्याने सविस्तर अहवाल लिहिला. २५ जुलै रोजी पॅरिसच्या तुरुंगात तो गळफास लागलेल्या स्थितीत मृत आढळला. १९५० मध्ये ट्युबिंगेनच्या न्यायमंडळाने त्याला कलंकितांत गणले. त्याने आणखी विरोध करावयास हवा होता, असा त्यांचा ठपका. तो कलंक १९६५ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गचे मुख्यमंत्री किसिंगर यांनी दूर केला. किसिंगर कॅथलिक होते, आणि १९३३ पासून नाझी पक्षाचे सभासदही होते.