मत्स्याहारातील सूक्ष्मप्लास्टिक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रिचर्ड थॉम्पसन व सहकाऱ्यांच्या इ.स. २००४ मधील ‘सायन्स’ नियतकालिकातील शोधनिबंधामुळे रूढ झाली. प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. इ.स. १९७२ मध्ये याच नियतकालिकात एडवर्ड कार्पेंटर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील दक्षिण न्यू इंग्लंडच्या किनारी पाण्यात सरासरी अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीनचे गोलक नोंदविले होते. तपासलेल्या १४ मत्स्यजातींपैकी ८ जातींनी ते गिळले होते, तेही पांढरे, अपारदर्शक तेवढे निवडून! गोलकांत समुद्राच्या पाण्यातून शोषलेली पीसीबी ही विषारी रसायनेही होती. माणसाच्या ताटापर्यंतचा मार्ग तेव्हाच दिसू लागला होता. तरीही नावासाठी ३२ वर्षे जावी लागली. थॉम्पसन यांनी १९६० च्या दशकापासूनचे जतन केलेले नमुने तपासले, तेव्हा प्लास्टिकचे तंतू वाढत गेल्याचे उघड झाले. हे नमुने मुळात प्लवकांच्या अभ्यासासाठी गोळा केलेले होते.