तलकाडची वाळू आणि शाळेतील धडा

म्हैसूर जिल्ह्यात, कावेरी व कपिला यांच्या संगमाजवळ, सोसले हे लहानसे गाव आहे. व्यासराज मठामुळे त्याचे नाव महाराष्ट्रातील माध्व घराण्यांनाही परिचित आहे. संगमानंतर नदी तलकाडकडे वळते. पश्चिम गंगांची ही जुनी राजधानी आज बव्हंशी वाळूच्या टेकड्यांखाली गडप आहे.

हे कसे घडले याचे लोकांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे अलमेलम्मेची कथा. १६१० साली राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीच्या या पत्नीकडे दागिन्यांसाठी माणसे धाडण्यात आली. तेव्हा तलकाड वाळूत बुडेल, मालंगीला भोवरा होईल व म्हैसूरचे राजे निपुत्रिक राहतील, असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली, असे सांगतात.

अभ्यासकांचे उत्तर वेगळे आहे. तलकाडच्या वरच्या अंगाला माधवमंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा, विजयनगरच्या काळातील बंधारा आहे. त्याने पाणी अडले, खालचे पात्र उघडे पडले, नदीच्या वळणावर वाळू साचली आणि वाऱ्याने ती गावावर लोटली. म्हणजे शापाच्या कितीतरी आधी, शेतीच्या भल्यासाठी केलेल्या कामातच या वाळूचे मूळ असावे. कथेत दोष एका राजाचा आहे. या दुसऱ्या उत्तरात दुष्ट असा कोणीच नाही, आणि मुलांना समजावून सांगायला तेच अधिक कठीण. कथा मुलांपासून हिरावून घेण्याचे मात्र काही कारण नाही. ती ऐकलेले मूलच वाळूकडे कुतूहलाने पाहते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकविण्याचा आदेश दिला व २००३ साली त्याची पुन्हा आठवण करून दिली. पुस्तके झाली, परीक्षाही झाल्या. पण पुस्तकातली नदी बहुतेक वेळा कोणतीच नदी नसते. मराठी मुलखात या बाबतीत एक जुना दाखला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून तेथे कुरणशाळा निघाली. गुरे चरत तेथेच वर्ग भरे आणि पाने, बिया, खडे हेच शिक्षणाचे साहित्य होई.

संगमाच्या परिसरात असे साहित्य फुकट पडले आहे. बंधारा आहे, टेकड्या आहेत, वाळूतून उकरून काढलेली देवळे आहेत. शिवाय तलकाडने जिचा धसका घेतला तीच वाळू आज बांधकामासाठी देशभरच्या नद्यांतून उपसली जाते. ती गेली की पात्र खोल जाते व काठच्या विहिरींचे पाणी उतरते. गोदावरी आणि भीमेच्या काठच्या शाळांनाही हा धडा घरचाच आहे.

तलकाडला काही वर्षांच्या अंतराने कार्तिकात पंचलिंगदर्शनाचा उत्सव होतो. त्यासाठी देवळांभोवतीची वाळू बाजूला सारतात. नंतर वारा ती पुन्हा आणून टाकतो.