तर्काच्या वेषातील चकवे

श्रोत्याचे मन वळवणे आणि विधान सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिले काम अलंकार करू शकतो, दुसरे केवळ पुराव्याचे व तर्काचे. अलंकार तर्काची जागा बळकावतो, तेव्हा हेत्वाभास जन्माला येतो. इंग्रजी गद्यात हा भेद ठळकपणे मांडणाऱ्या ग्रंथांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम (१७४८-१८३२) यांच्या 'द बुक ऑफ फॅलसीज'चे स्थान महत्त्वाचे आहे.

पूर्वपीठिका

तर्कदोषांची वर्गवारी फार प्राचीन आहे. ॲरिस्टॉटलने तेरा प्रकार सांगितले. गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास आढळतात. बेंथम यांनी मात्र आपले लक्ष राजकीय वादाकडे वळवले. विल्यम जेरार्ड हॅमिल्टन या संसदपटूची 'पार्लमेंटरी लॉजिक' ही टिपणे त्यांच्या निधनानंतर १८०८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. वादात सरशी कशी मिळवावी, याचे धडे त्यांत होते. बाजू खरी की खोटी, याला त्यांत महत्त्व नव्हते. बेंथम यांनी अशाच युक्त्या उघड्या पाडल्या. त्यांच्या हस्तलिखितांवरून एतिएन द्यूमों यांनी १८१६ मध्ये फ्रेंच आवृत्ती सिद्ध केली. पेरेग्रिन बिंगहॅम यांनी संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ १८२४ मध्ये निघाला.

चार गट

बेंथम यांनी हेत्वाभासांचे चार गट पाडले. पहिला अधिकाराचा. 'पूर्वज शहाणे होते, म्हणून त्यांचा कायदा बदलू नये', हा त्याचा नमुना. वयाने अनुभव वाढतो हे खरे; पण आधीच्या पिढीच्या गाठीशी जगाचा अनुभव कमीच असतो, असे उत्तर बेंथम देतात. दुसरा गट भयाचा. प्रस्तावाचे गुणदोष न तपासता तो मांडणाऱ्याच्या हेतूवर वा चारित्र्यावर हल्ला करणे यात मोडते. तिसरा विलंबाचा : 'गोष्ट योग्य आहे, पण वेळ योग्य नाही.' चौथा संभ्रमाचा. जे सिद्ध करायचे तेच शब्दात आधी गृहीत धरले जाते. त्या काळी 'इनोव्हेशन' या इंग्रजी शब्दाला निंदेची छटा होती. बदलाला तेवढे नाव दिले की तो वाईट ठरे, पुराव्याची गरज उरत नसे.

विलंबाची किंमत

हे दोष केवळ पाठ्यपुस्तकी नव्हेत. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा ठराव १७९२ मध्ये ब्रिटिश कनिष्ठ सभागृहात आला, तेव्हा हेन्री डंडास यांच्या दुरुस्तीने त्यात 'क्रमाक्रमाने' हा शब्द घातला गेला. तत्त्व मान्य झाले, अंमल लांबला. व्यापारबंदीचा कायदा व्हायला १८०७ साल उजाडले. डंडास यांच्या हेतूविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; त्या पंधरा वर्षांत जहाजांवर कोंबलेल्या माणसांच्या दृष्टीने मात्र हेतू कोणता, याने फरक पडत नव्हता.

उपहासाचे शस्त्र

ग्रंथाची भाषा बोजड होती. तो सामान्य वाचकापर्यंत नेला सिडनी स्मिथ यांनी. 'एडिंबरो रिव्ह्यू'मधील १८२५ च्या परीक्षणात त्यांनी नूडल नावाच्या काल्पनिक सभासदाचे भाषण रचले आणि त्यात हे सारे हेत्वाभास एका माळेत ओवले. दोष दाखवण्यासाठी उपहास हा अलंकारच कामी आला, ही बाब लक्षणीय होय. अलंकार स्वतः दोषी नसतो. तो पुराव्याला उठाव देतो की पुराव्याचा अभाव झाकतो, हे पाहावे लागते.

सावधगिरी

युक्तिवाद सदोष ठरला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तसे मानणे हाही हेत्वाभासच. 'थांबा' म्हणणारा प्रत्येकजण चकवा देत नसतो. कशासाठी थांबायचे, किती काळ आणि त्या अवधीत काय करायचे, हे तो सांगत असेल तर तो तर्क होय. सांगत नसेल तर ती पळवाट. अग्रलेख असो वा निवडणुकीचे भाषण, वाचकाने विशेषणे बाजूला सारून उरलेले वाक्य पुन्हा वाचावे. त्यात कारण शिल्लक राहिले, तरच विधान विचारात घेण्याजोगे समजावे.