बीपीच्या आकड्यात पारा कुठून आला?

बीपी तपासल्यावर डॉक्टर १२०/८० असे काही लिहितात. या आकड्यांचे एकक आहे 'मिलिमीटर पारा'. पण मिलिमीटरमध्ये तर लांबी मोजतात, मग दाब कसा? उत्तरासाठी सतराव्या शतकातल्या इटलीत जाऊ या.

तेव्हाच्या शोषपंपाने पाणी सुमारे १० मीटरपेक्षा वर चढत नसे. गॅलिलिओचा शिष्य टॉरिसेली याने हे कोडे सोडवायला पारा वापरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, त्यामुळे मीटरभर नळीतही काम भागते. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, की पारा थोडा उतरतो आणि सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबतो. त्याला तोलून धरते ती बाहेरची हवा, असे टॉरिसेलीने १६४४ मध्ये एका पत्रात लिहिले. हाच पहिला वायुदाबमापक.

१६४८ मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये अशी नळी घेऊन फ्रान्समधला प्युई द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा ८ सेंटीमीटरहून अधिक खाली आला. उंचावर हवेचा दाब कमी असतो, हे सिद्ध झाले.

पुढे स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीला उभी काचनळी जोडली. रक्त ८ फुटांहून वर चढले! इतकी उंच नळी दवाखान्यात कशी वापरणार? १८२८ मध्ये फ्रेंच डॉक्टर प्वाझय याने रक्तदाबासाठीही पाराच वापरला. १८९६ मध्ये रिवा-रोची याने दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि सुई न टोचता दाब मोजणे सोपे झाले.

आता एक गंमत. तुमचा १२० हा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त, ते सांगतो. समुद्रकाठी हवेचे ७६० धरले, तर धमनीतला एकूण दाब ८८० होतो!

पाऱ्याची वाफ विषारी असल्याने पाऱ्याची उपकरणे आता मागे पडत आहेत. घरात असे जुने यंत्र फुटले तर पाऱ्याला हात लावू नका, केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. मुलांना दूर न्या आणि खिडक्या उघडा. तुमच्या डिजिटल यंत्रात पारा नाही, तरी त्याचा आकडा आजही टॉरिसेलीच्या नळीतल्या मिलिमीटरमध्येच वाचायचा.