संगमरवराखालचं नाव

'कमोड' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे संडासातली ती एकच वस्तू येते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र 'सोयीचं' एवढाच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हे नाव एका नव्या कपाटाला मिळालं. कमरेइतकं उंच, ओढायचे खण असलेलं आणि बहुधा वर संगमरवरी फरशी बसवलेलं हे कपाट. त्याआधी कपडे मोठ्या पेटाऱ्यात ठेवत. तळातलं काही हवं असलं, तर वरचं सगळं उपसावं लागे. इथे खण ओढला की काम झालं! पुढे इंग्रजीत रात्रीचं भांडं बसवलेल्या खुर्चीलाही हेच नाव मिळालं आणि आपल्यापर्यंत आला तो तेवढाच अर्थ.

आज मला बोलायचं आहे ते या कपाटांविषयी आणि त्याहून अधिक ती घडवणाऱ्या हातांविषयी.

आंद्रे-शार्ल बूल हा त्यातला पहिला मोठा कारागीर. कासवाची पाठ आणि पितळ यांची जडावाची कामं करणाऱ्या बूलनं 1708च्या सुमारास चौदाव्या लुईच्या त्रियानों महालासाठी अशी दोन कपाटं केली. पुढच्या पिढ्यांनी त्यांना बाक दिला. सांगाडा ओक किंवा पाइनचा, त्यावर ब्राझीलसारख्या दूरदेशांतून आलेल्या रंगीत लाकडांचे पातळ काप आणि कडांना सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ. हा मुलामा सोनं पाऱ्यात कालवून देत. भट्टीत पारा उडून जाई, सोनं मागे राही आणि तो विषारी धूर कारागिराच्या छातीत जाई.

प्रत्येक कामाचा संघ वेगळा होता. लाकूडवाल्यानं ब्राँझ ओतायचं नाही, असा दंडक. शार्ल क्रेसां मुळात शिल्पकार. त्यानं आपल्याच कार्यशाळेत ब्राँझकाम करून घेतलं, म्हणून त्याला एकाहून अधिक वेळा खटल्यांना तोंड द्यावं लागलं.

आणि नावाचं काय? पंधराव्या लुईच्या शयनगृहासाठी 1739मध्ये गोद्रो यानं केलेलं कपाट आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. त्याच्या ब्राँझवर काफिएरीची सही आहे. गोद्रोचं नाव मात्र राजवाड्याच्या नोंदवहीमुळे कळलं.

1743मध्ये ठरलेल्या आणि 1751पासून लागू झालेल्या नियमानं संघातल्या कारागिरांना आपला ठसा मारणं सक्तीचं झालं. हा ठसा असे सांगाड्यावर, पुष्कळदा संगमरवराखाली, म्हणजे मालकाला दिसणारच नाही अशा जागी. काहींनी तर आद्याक्षरंच ठोकली. 'बी.व्ही.आर.बी.' हा त्यातला एक. जपानी लाखकामाचे पत्रे खरवडून पातळ करायचे आणि फ्रेंच कपाटाच्या बाकावर बसवायचे, हे त्याचं कसब. 1737मध्ये राणीसाठी गेलेलं त्याचं असं कपाट एका व्यापाऱ्यानं पोचतं केलं होतं. गिऱ्हाइकाला कारागिराचा पत्ता न कळण्यातच व्यापाऱ्याचा फायदा! ही अक्षरं बर्नार्ड व्हान रिझेनबर्गची, हे उलगडायला 1957 साल उजाडलं.

जाँ-आंरी रीझनेर हा जर्मनीतून आलेला. ओबेन या उस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि 1774मध्ये राजाचा कारागीर झाला. मग क्रांती आली. 1793-94मध्ये व्हर्सायचं फर्निचर लिलावात निघालं. तिथे रीझनेरनं आपलीच काही कामं विकत घेतली, पुढे किंमत येईल या आशेनं. पण तशा फर्निचरला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. 1806मध्ये तो हलाखीतच वारला.

आजही अशा फर्निचरची ओळख सांगताना आपण 'लुई पंधरावा शैली', 'लुई सोळावा शैली' असंच म्हणतो. या राजांनी रंधा हातात धरून ही कपाटं केली नव्हती. मला वाटतं, एखाद्या संग्रहालयात असं कपाट दिसलं, तर राजाचं नाव वाचून पुढे सरकू नये. त्याखाली कारागिराचं नाव दिलंय का, तेही पाहावं. ते शोधून काढायला कुणाला तरी ती जड फरशी उचलावी लागली असेल.