नाचणारे आणि पाहणारे

युरोपातील युगुलनृत्याचा इतिहास हा एका परीने लज्जेचा इतिहास आहे. मिन्युएटसारख्या दरबारी नाचात स्त्री-पुरुषांची बोटे तेवढी एकमेकांना लागत आणि बाकी सारे काम नमस्कार-मुजऱ्यांनी भागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रिया या प्रदेशांतील लोकनाचांतून वॉल्ट्झ पुढे आला आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या कमरेवर स्थिरावला. सन १८१६ च्या जुलै महिन्यात लंडनला राजपुत्राने दिलेल्या मेजवानीत हा नाच झाला, तेव्हा 'टाइम्स' पत्राने अग्रलेख लिहून संताप व्यक्त केला. त्यापूर्वीच लॉर्ड बायरन यांनी वॉल्ट्झवर उपहासकाव्य रचले होते. ज्यांचे स्वतःचे चरित्र कोणत्याही सेमिनरीत आदर्श म्हणून वाचले जाणार नाही, अशा कवीनेही नीतीच्या बाजूने लेखणी उचलावी, यावरून त्या काळी वॉल्ट्झने केवढी खळबळ माजविली होती याची कल्पना यावी.

ख्रिस्तसभेची पाळी आली ती टँगोच्या वेळी. ब्युनोस आयरिसच्या गरीब वस्त्यांत जन्मलेला हा नाच पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पॅरिसमध्ये शिरला आणि पाहता पाहता त्याने श्रीमंतांची दिवाणखाने काबीज केली. जानेवारी १९१४ मध्ये पॅरिसचे महागुरुस्वामी कार्डिनल आमेत यांनी टँगोचा निषेध केला. श्रद्धावंतांनी त्यात भाग घेऊ नये आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्याप्रमाणे वागावे, असे त्यांनी बजाविले. त्याच सुमारास वृत्तपत्रांतून एक गमतीदार कथा पसरली. पोप दहावे पायस यांनी म्हणे एका तरुण जोडप्याकडून टँगो करवून पाहिला आणि 'यापेक्षा आमच्या व्हेनिसकडचा फुर्लाना बरा' असा सल्ला दिला! कथा बातमीदाराच्या कल्पनाशक्तीची निपज होती. तथापि पॅरिसच्या नृत्यशिक्षकांनी संधी साधून काही महिने 'पोपचा नाच' शिकविला. शंभर वर्षांनी, १७ डिसेंबर २०१४ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवशी शेकडो जोडपी संत पेत्राच्या चौकाजवळ टँगो नाचली. तरुणपणी टँगो आपणही नाचलो आहोत, हे पोपमहोदयांनी आधीच सांगून टाकले होते.

कार्डिनल आमेत चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. मेंढपाळाला आपल्या काळातील लांडगे ओळखावे लागतात. परंतु शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात दावीद राजा कराराच्या कोशापुढे बेभान होऊन नाचतो, तेव्हा त्याला खिडकीतून पाहून मनात तुच्छ लेखणारी मीखल हीही आम्हांला आठवते. पवित्र शास्त्राने तिथे बाजू कोणाची घेतली, हे वाचकांस ठाऊक आहे.

महायुद्ध संपले आणि इंग्लंडला नाचाचे वेड लागले. १९१९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात 'पॅले द दांस' हे विशाल नृत्यगृह उघडले. दुकानांत काम करणाऱ्या मुली, कारकून, कारखान्यांतील कामगार अल्प दरात तेथे येत. ज्यांना जोडीदार नसे त्यांना सहा पेनी मोजून जोडीदार मिळे. एक पिढीच्या पिढी रणभूमीवर पडली होती. कितीतरी ठिकाणी स्त्रिया स्त्रियांबरोबरच नाचत. या गर्दीला शिस्त लावणाऱ्यांत व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांचे नाव प्रमुख. हे गृहस्थ वेम्बलीच्या अँग्लिकन धर्मगुरूंचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी वय लपवून सैन्यात गेलेला हा मुलगा १९२२ मध्ये नृत्याचा जागतिक विजेता झाला, आणि पुढे त्याने असा वाद्यवृंद उभारला की प्रत्येक नाचाची लय ठरलेल्या गतीपासून रेसभरही ढळू नये. 'स्ट्रिक्ट टेम्पो' हा शब्दप्रयोग इंग्रजांच्या घराघरांत पोहोचला तो त्यांच्यामुळे.

या साऱ्या वेडाचे तीर्थक्षेत्र म्हणजे ब्लॅकपूल. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मजूर वर्षातून एकदा सुट्टीवर येत ते या समुद्रकाठच्या गावी. तेथील मनोऱ्यातील बॉलरूम १८९९ मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक मॅचम यांनी सजविली. महोगनी, ओक व अक्रोड यांच्या लाकडाचे ३०,६०२ तुकडे जोडून तिची जमीन बनविली आहे. छतावर चित्रे, सज्जांना सोनेरी मुलामा, रंगमंचाच्या कमानीवर शेक्सपिअरची ओळ. राजवाड्याचे हे वैभव उभे राहिले ते गिरणीत बारा महिने राबणाऱ्यांसाठी! रविवारी मात्र तेथे पुष्कळ वर्षे नाच बंद असे. पवित्र संगीताचा कार्यक्रम होई. डिसेंबर १९५६ मध्ये ही जमीन आगीत भस्मसात झाली. पुन्हा होती तशी उभारून १९५८ मध्ये ती खुली करण्यात आली.

याच सुमारास दूरदर्शन संच घरोघर येऊ लागले. नृत्यगृहांच्या व्यवसायातील एरिक मॉर्ली यांनी बीबीसीसाठी 'कम डान्सिंग' हा कार्यक्रम सुरू केला. (जगत्सुंदरी स्पर्धेचे जनकही हेच.) लोकांना नाचावयास बोलाविणारा हा कार्यक्रम १९९८ पर्यंत, मधूनमधून खंडित होत, चालला, परंतु त्या काळात नृत्यगृहे एकामागून एक बंद पडत गेली. मग १५ मे २००४ रोजी बीबीसीने जुने नाव आणि 'स्ट्रिक्टली बॉलरूम' या १९९२ च्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे नाव यांची सांगड घालून 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' आणले. प्रसिद्ध नट, खेळाडू वा वृत्तनिवेदक यांना व्यावसायिक नर्तकाबरोबर नाचावयास लावायचे, परीक्षकांनी गुण द्यायचे, प्रेक्षकांनी मत द्यायचे. कल्पना इतकीच. पुढील वर्षी ती अमेरिकेत गेली आणि २००६ मध्ये 'झलक दिखला जा' या नावाने आपल्याकडेही आली. सारेच गोड आहे असे नव्हे. २०२४ मध्ये तालमींतील वागणुकीविषयी तक्रारी झाल्या आणि बीबीसीला तालमीच्या खोलीत देखरेखीसाठी माणसे नेमावी लागली.

२००८ पासून या कार्यक्रमाचा दौरा निघतो. दर जानेवारीत बर्मिंगहॅम, ग्लासगो, मँचेस्टर, लंडन अशा शहरांतील प्रचंड सभागृहांत हजारो लोक जमतात. वाद्यवृंद प्रत्यक्ष असतो. परीक्षक गुणांच्या पाट्या उंचावतात. कठोर परीक्षकाची यथेच्छ हुर्यो उडविली जाते आणि त्या रात्रीचा विजेता प्रेक्षक आपल्या भ्रमणध्वनीवरून निवडतात.

आम्ही या प्रकाराकडे प्रथम कपाळाला आठ्या घालूनच पाहिले. ज्या देशात कारकून आणि गिरणीकामगार स्वतः नाचत होते, तेथे आता लोक पैसे मोजून खुर्चीत बसतात आणि त्यांच्या वतीने दुसरे नाचतात! आमच्या धर्मग्रामातही लग्नाच्या स्वागतसमारंभात नाच नको, अशी सूचना काही ज्येष्ठ मंडळी अधूनमधून करतात. आमची चिंता निराळी आहे. वडीलधारी जोडपी वॉल्ट्झला उठत, ती उठेनाशी झाली आहेत. भाड्याने आणलेला संच नाचतो आणि वऱ्हाडी चित्रीकरण करीत राहतात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील मांडो हाही दिवाणखान्यातील नाच. समोरासमोर उभे राहून, स्पर्श न करता, सौम्य पावलांनी करावयाचा. तोही आता बहुतेकदा स्पर्धेच्या व्यासपीठावर दिसतो.

परंतु इंग्लंडमध्ये परिचारिका असलेली आमची एक धर्मग्रामस्थ सुट्टीवर आली असता तिने बर्मिंगहॅमच्या अशा एका रात्रीचे वर्णन केले, तेव्हा आमच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. परदेशातील पहिला हिवाळा तिने भाड्याच्या खोलीत एकटीने काढला होता. शनिवारची रात्र या कार्यक्रमाची, एवढाच तिला विरंगुळा. कित्येक महिने आधी तिकिटे काढून रुग्णालयातील चौघीजणी गेल्या. एकीने तर चमकीचा झगा शिवून घेतला होता. शेजारच्या खुर्चीवर एक वृद्धा होती. वॉल्ट्झ सुरू होताच तिने काही न विचारता हिचा हात धरला आणि गाणे संपेपर्यंत त्यावर ताल धरून राहिली. आपण पतीला प्रथम भेटलो ते नाचाच्या जागीच, असे तिने नंतर सांगितले. तिकीट दोघांचे काढण्याची सवय अजून मोडत नाही, असेही ती म्हणाली. तिच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती.

२०२१ मध्ये रोझ एलिंग-एलिस ही कर्णबधिर अभिनेत्री या स्पर्धेत उतरली. एका नाचात मध्येच संगीत थांबविण्यात आले आणि ती व तिचा जोडीदार जिओव्हानी पर्निचे काही क्षण संपूर्ण शांततेत नाचत राहिले. तिच्या जगात काय ऐकू येते, ते लाखो लोकांनी तेव्हा प्रथमच ऐकले. त्या वर्षी ती जिंकली. २०२४ मध्ये ख्रिस मॅकॉसलंड हा दृष्टिहीन विनोदवीर जिंकला. जो नाच त्याने स्वतः कधी पाहिला नाही, तो त्याने जोडीदार डायन बसवेलच्या शब्दांवरून आणि स्पर्शावरून शिकला. शंभर वर्षांपूर्वी ज्या स्पर्शाची सर्वांना धास्ती होती, तोच स्पर्श येथे डोळ्यांचे काम करीत होता.

ब्लॅकपूलची ती जमीन अजून वापरात आहे. दुपारी वुर्लिट्झर ऑर्गन वाजतो, टेबलांवर चहा येतो, आणि पांढऱ्या केसांची जोडपी उठून सावकाश नाचू लागतात. अजूनही कुठे कुठे स्त्री स्त्रीबरोबरच नाचताना दिसते.