युद्धकाव्य आणि सैनिकाचे मन
युद्धानंतरचा शोक प्राचीन काव्यांना अपरिचित नव्हता. महाभारताचे ‘स्त्रीपर्व’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि तेथील आक्रोश मागे राहिलेल्या स्त्रियांचा आहे. जिवंत परतलेल्या सैनिकाच्या मनात युद्ध चालूच राहते, या अनुभवाला कवितेचा स्वतंत्र विषय बनविले, ते प्रामुख्याने पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) इंग्रज कवींनी.

युद्धारंभी रूपर्ट ब्रुक (१८८७–१९१५) याच्या सुनीतांतून देशासाठी येणाऱ्या मरणाचे उदात्त चित्र उभे राहिले. पुढे खंदकांतील लढाई लांबली आणि अंगावर जखम नसलेल्या सैनिकांचीही वाचा जाणे, थरकाप सुटणे, झोप उडणे असे प्रकार वाढले. चार्ल्स मायर्स या वैद्याने १९१५ मध्ये त्यांसाठी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. अनेक लष्करी अधिकारी मात्र त्यास भित्रेपणाच समजत. पलायन, भित्रेपणा इ. आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातील सैनिकांना मरणोत्तर माफी मिळाली, ती २००६ मध्ये.

एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट या अधिकाऱ्यांसाठीच्या रुग्णालयात १९१७ मध्ये विल्फ्रेड ओएन (१८९३–१९१८) व सीगफ्रीड ससून (१८८६–१९६७) यांची भेट झाली. ससूनवर डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स उपचार करी (निलगिरीतील तोडा जमातीवरील १९०६ च्या प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता तोच). भयंकर आठवणी दडपू नयेत, असे त्याचे मत होते. त्याच्या या विषयावरील निबंधाचे व ससूनच्या एका कवितेचे शीर्षक जवळजवळ एकच आहे. तीत मेणबत्ती, पुस्तके, बाग असे शांत घर आहे आणि त्या घरात बसलेल्या माणसाला दूरच्या तोफा थांबलेल्या ऐकू येत नाहीत. ओएनच्या ‘डिसेबल्ड’ या कवितेत पाय गमावलेला, कोवळ्या वयात भरती झालेला तरुण चाकाच्या खुर्चीत बसून आहे. ‘मेंटल केसेस’ मध्ये वेडाने ग्रासलेल्या सैनिकांचे भीषण वर्णन येते. परंतु कवितेचा रोख अखेरीस त्यांच्याकडून त्यांना रणांगणावर धाडणाऱ्या समाजाकडे वळतो. तरीही ओएनची दृष्टी पाहणाऱ्याची आहे. शिवाय, युद्धविरामाच्या अवघा एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, तो मारला गेला. युद्धोत्तर आयुष्य त्याच्या वाट्यास आलेच नाही.

ते आले आयव्हर गर्नी (१८९०–१९३७) याच्या. ग्लॉस्टरचा हा संगीतरचनाकार साधा शिपाई म्हणून लढला. १९१७ मध्ये तो प्रथम जखमी झाला व नंतर विषारी वायूच्या माऱ्यात सापडला. १९२२ पासून मृत्यूपर्यंतची पंधरा वर्षे त्याने मनोरुग्णालयांत काढली. त्याच्या विकाराचे सारे खापर युद्धावर फोडणे मात्र योग्य नव्हे, कारण १९१३ मध्येच त्याची प्रकृती ढासळली होती. कवितांकडे वैद्यकीय दाखला म्हणून पाहणारे टीकाकार हे विसरतात. रुग्णालयातील त्याच्या कवितांत खंदकांतील सोबती, फ्रान्समधील रस्ते, चहा अशा बारीकसारीक आठवणी ताज्या आहेत आणि त्यांच्याच जोडीला, सैनिकांना देशाने दिलेला शब्द पाळला नाही, ही तक्रारही. माजी सैनिक पोटासाठी कसे झगडत आहेत, हे त्याने कसलाही आवेश न आणता लिहिले. यातील बरेच लेखन दीर्घकाळ अप्रकाशित होते. एडमंड ब्लंडन (१८९६–१९७४) या सैनिक-कवीने त्याच्या कवितांची एक निवड १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. विस्तृत संग्रह निघण्यास १९८२ साल उजाडले.